एका केबलने जुळवलेली दोन घड्याळे

तीन लहान उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, एकमेकांपासून काहीशे मीटरचे अंतर राखून उडणार होते. बाकीचे दोघे आपल्यापासून नेमके कोठे आहेत हे प्रत्येकाला जमिनीवरून कोणी न सांगता सतत कळत राहावे, यासाठी लिहिलेल्या नेव्हिगेशन सॉफ्टवेअरची उड्डाणापूर्वीची चाचणी माझ्याकडे आली होती. या उंचीवर उपग्रह सेकंदाला ७.६ किलोमीटर वेगाने जातो आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. ती गती आणि तो भारहीन प्रवास प्रयोगशाळेच्या खोलीत आणता येत नाही, म्हणून आधी संगणकात तशी कक्षा उभी करायची, तिच्यातून उपग्रहांना मिळतील तशी मोजमापे तयार करायची आणि सॉफ्टवेअर त्यांवरून काय निष्कर्ष काढते ते पाहायचे, हाच मार्ग उरतो. हे काम मी जवळपास दीड वर्ष केले. त्या काळात ज्या चुका सापडल्या त्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्येच होत्या, पण त्या इतक्या उशिरा सापडल्या याचे कारण मात्र मी बांधलेल्या सिम्युलेशनमध्ये होते, आणि मला लिहायचे आहे ते त्याबद्दल.

एकट्या उपग्रहाच्या आणि समूहाच्या नेव्हिगेशनमध्ये मूळचाच फरक आहे. जीपीएस रिसीव्हर एका उपग्रहाचे स्थान काही मीटरच्या चुकीसह सांगतो आणि एकट्याला ते सहसा पुरते. दोनशे मीटरवर सोबती असेल आणि अंतर काही सेंटिमीटरपर्यंत अचूक हवे असेल, तर दोघांची स्थाने वेगवेगळी काढून वजा करणे कामाचे नाही. त्याऐवजी दोघांची मूळ मोजमापेच एकमेकांतून वजा केली जातात. जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांतील चुका आणि आयनांबरामुळे (वातावरणाच्या विद्युतभारित थरामुळे) होणारा विलंब इतक्या जवळच्या दोन रिसीव्हरना जवळपास सारखाच बाधतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. मग जीपीएसचा संकेत वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीचा, म्हणजे वाहक लहरीचा, उपयोग करता येतो. १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिची कला, म्हणजे लहर कोणत्या टप्प्यावर आहे ते, मिलिमीटरपर्यंत मोजता येते. अडचण एवढीच की मधल्या पूर्ण लहरी किती, हे रिसीव्हरला ठाऊक नसते. तो पूर्णांक सॉफ्टवेअरने शोधायचा असतो आणि तो एकाने जरी चुकला तरी उत्तर अत्यंत सुबक दिसते, पण चुकीचे असते. स्वीडनच्या प्रिझ्मा मोहिमेतील मँगो आणि टँगो हे दोन उपग्रह जून २०१० मध्ये कक्षेत गेले, त्याच महिन्यात टँडेम-एक्स हा उपग्रह टेरासार-एक्सच्या सोबतीला गेला, आणि ही पद्धत कक्षेत खरोखर चालते हे त्यानंतरच्या वर्षांत दिसून आले. तेव्हा आमच्या वेळी प्रश्न पद्धतीचा राहिला नव्हता. आमचे सॉफ्टवेअर ती बिनचूक अमलात आणते की नाही, एवढेच ठरवायचे होते.

पहिले काही महिने सगळे काम एका संगणकावर चालले. दोन जवळच्या उपग्रहांच्या सापेक्ष गतीची साधी समीकरणे क्लोहेसी आणि विल्टशायर यांच्या १९६० च्या मांडणीतून येतात, आणि त्यांचे मूळ हिल यांनी १८७८ मध्ये चंद्राच्या गतीसाठी केलेल्या विवेचनात आहे. या समीकरणांतली एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लिहून ठेवली होती. दोन कक्षांच्या अर्धदीर्घ अक्षांत, म्हणजे ढोबळमानाने त्यांच्या त्रिज्यांत, एका मीटरचा जरी फरक राहिला तरी एका प्रदक्षिणेत ते उपग्रह एकमेकांपासून कक्षेच्या दिशेने सुमारे साडेनऊ मीटर सरकतात. हा अक्ष गतीवर अवलंबून असतो, म्हणून गतीच्या अंदाजात सेकंदाला एका मिलिमीटरची चूक झाली, तर आमच्या उंचीवर एका प्रदक्षिणेनंतरच्या भाकितात सतरा मीटरची चूक पडते. दिवसाला पंधरा प्रदक्षिणा होतात. समूहाच्या नेव्हिगेशनमध्ये स्थानापेक्षाही गतीच्या अंदाजाला आम्ही इतके का जपत होतो, ते यावरून लक्षात यावे.

माझी पहिली चूक याच काळातली. ‘खरे’ जग चालवणारा प्रोग्रॅम आणि उपग्रहावर चालणारा फिल्टर, म्हणजे मोजमापांवरून स्थान आणि गतीचा अंदाज काढणारा भाग, या दोघांनाही गुरुत्वाकर्षणाचे प्रारूप लागते. मी वेळ वाचवण्यासाठी दोघांना एकच फाईल वाचायला दिली होती. निकाल देखणे आले. गटप्रमुखांना ग्राफ दाखवला तेव्हा त्यांनी बराच वेळ तो पाहिला आणि विचारले, “यात फिल्टरला माहीत नाही असे काय आहे?” मला उत्तर देता आले नाही, कारण तसे काही नव्हतेच. प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका एकाच हाताने लिहिल्यासारखे ते झाले होते. त्यानंतर खऱ्या जगाचा प्रोग्रॅम एका वेगळ्या सहकाऱ्याने, फिल्टरचा कोड न पाहता, नव्याने लिहिला. त्यात गुरुत्वाकर्षणाचे तपशीलवार प्रारूप, विरळ वातावरणाचा रोध आणि सूर्यप्रकाशाचा दाब घातला. शिवाय उपग्रहांची वस्तुमाने आणि पृष्ठभाग मुद्दाम थोडे वेगवेगळे ठेवले, कारण एकसारखे म्हणून बांधलेले दोन उपग्रहही इंधन खर्च होऊ लागले की एकसारखे राहत नाहीत. ग्राफ लगेच बिघडले आणि काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

त्याच सुमारास आम्ही सर्वांनी मिळून नासाच्या डार्ट मोहिमेच्या अपघाताचा जाहीर सारांश वाचला. एप्रिल २००५ मध्ये हे यान दुसऱ्या एका उपग्रहाजवळ स्वतःहून जाणार होते. प्रत्यक्षात त्याचे इंधन अपेक्षेपेक्षा फार लवकर संपत आले आणि ते त्या उपग्रहावर हलकेच आदळले. त्याचा रिसीव्हर गती मोजताना सेकंदाला सुमारे ०.६ मीटरची चूक सातत्याने करत होता, आणि उड्डाणापूर्वीच्या चाचणीत मात्र रिसीव्हर गती अगदी बिनचूक मोजतो असे धरले गेले होते. हे वाचल्यावर मी आमच्या सिम्युलेटरमधल्या प्रत्येक उपकरणाची यादी काढली आणि प्रत्येकापुढे ‘हे काय बिनचूक करते असे आपण गृहीत धरले आहे’ असा एक रकाना आखला. तो रकाना भरताना जेवढे शिकायला मिळाले तेवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळाले नव्हते. तरीही त्या यादीतून एक ओळ सुटली. ती पुढे येईल.

मोंटे कार्लो पद्धतीने शेकडो रन घेणे हा कामाचा सर्वांत लांबलचक भाग होता, पण त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. सुरुवातीची स्थिती, उपकरणांतील चुका आणि थ्रस्टरचा, म्हणजे उपग्रहाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाचा, जोर दर वेळी थोडा बदलायचा, रात्रभर रन लावायचे आणि सकाळी निकाल पाहायचे. महत्त्वाचे होते ते काय पाहायचे हे ठरवणे. फिल्टर दर क्षणाला स्थान आणि गतीचा अंदाज देतो, त्याचबरोबर त्या अंदाजाची आपल्याला किती खात्री आहे हेही सांगतो. प्रत्यक्ष चूक लहान असणे पुरेसे नाही, ती फिल्टरने सांगितलेल्या खात्रीशी जुळली पाहिजे. स्थानाचे तीन आणि गतीचे तीन असे सहा घटक असले, तर प्रत्यक्ष चुकीचा वर्ग करून तो सांगितलेल्या अनिश्चिततेच्या वर्गाने भागून काढलेल्या संख्येची सरासरी सहाच्या आसपास यायला हवी. आमची सरासरी अकराच्या पुढे होती. म्हणजे फिल्टरला वाजवीपेक्षा जास्त आत्मविश्वास होता, आणि तो कुठून आला हे शोधायला मला तीन आठवडे लागले. थ्रस्टर चालतो त्या क्षणी मिळणारा धक्का ठरवलेल्या धक्क्यापेक्षा थोडा वेगळा असतो, पण आमचा फिल्टर आज्ञा दिली तेवढाच धक्का मिळाला असे मानून चालत होता. थ्रस्टर चालेल तेव्हा अनिश्चितता वाढवण्याची सोय केली आणि सरासरी जागेवर आली.

पण ती दोन उपग्रहांसाठीच. तिसरा आणला की सरासरी पुन्हा वर जाऊ लागली, आणि हा समूहाचा खास असा दोष होता. उपग्रह रेडिओवरून एकमेकांना आपापले अंदाज पाठवत होते. पहिल्याने दुसऱ्याला अंदाज पाठवला, दुसऱ्याने तो आपल्या अंदाजात मिसळून तिसऱ्याला दिला आणि तिसऱ्याकडून तो फिरून पहिल्याकडे आला, तर पहिल्याला वाटते की आपल्याला नवी, स्वतंत्र साक्ष मिळाली. प्रत्यक्षात ती त्याचीच माहिती असते. एका गावातली अफवा तीन तोंडांनी ऐकली की खरी वाटू लागते, तसा हा प्रकार आहे. अशा वेळी अंदाज एकत्र करण्याच्या सावध गणिती पद्धती उपलब्ध आहेत, पण आमचे उपग्रह तीनच होते आणि रेडिओची क्षमता पुरेशी होती, म्हणून अंदाजांऐवजी मूळ मोजमापेच पाठवायची आणि प्रत्येकाने आपला हिशेब स्वतः करायचा, असा निर्णय आम्ही घेतला. मला तो आजही योग्य वाटतो. मोठ्या थव्यासाठी तो परवडला नसता.

यानंतर आम्ही प्रत्यक्ष उपकरणांकडे वळलो. जीपीएस सिम्युलेटर हे यंत्र जीपीएसच्या अनेक उपग्रहांचे रेडिओ संकेत असे तयार करते, की टेबलावर स्थिर ठेवलेल्या रिसीव्हरला आपण कक्षेत धावत आहोत असे वाटते. जमिनीवरच्या स्थिर रिसीव्हरला डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे सापेक्ष गतीमुळे, संकेताच्या वारंवारतेत साधारण पाच किलोहर्ट्झपर्यंतचा बदल शोधावा लागतो, तर कक्षेतल्या रिसीव्हरला चाळीस किलोहर्ट्झपर्यंत. आमच्याकडे सिम्युलेटरची आवश्यक तेवढी आउटपुट होती, प्रत्येकावर संकेत क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर लावलेला होता, आणि त्यापुढे रिसीव्हर व उपग्रहावर जाणार तोच संगणक. इथे घाई करता येत नाही, कारण घड्याळ खरे असते. एका दिवसाची कक्षा तपासायला पूर्ण एक दिवस लागतो.

पहिले दोन रिसीव्हर आले तेव्हा निकाल इतके चांगले मिळाले की संगणकावरच्या चाचणीतल्यापेक्षाही ते सरस होते. पूर्णांक दोन-तीन मिनिटांत सापडत आणि चूक एका सेंटिमीटरच्या आत राही. आम्ही याचे श्रेय रिसीव्हरच्या गुणवत्तेला दिले. एक महिन्याने तिसरा रिसीव्हर आला आणि चित्र बदलले. पहिल्या आणि दुसऱ्यातील अंतर पूर्वीसारखेच अचूक येत होते, पण तिसऱ्याशी संबंधित दोन्ही जोड्यांत पूर्णांक टिकेनात आणि कक्षेच्या दिशेने काही मीटरची चूक दिसू लागली. तिसरा रिसीव्हर सदोष आहे असा सर्वांचा समज झाला आणि तो परत पाठवण्याचे पत्रही तयार झाले.

मी त्या रात्री किती चूक येते त्याचा ग्राफ छापून घेतला आणि पट्टी घेऊन बसले. चूक करवतीच्या दातांसारखी होती: एका बाजूने सरळ रेषेत वाढत जायची आणि एकदम खाली यायची, की पुन्हा वाढायला सुरुवात. दोन दातांमधले अंतर मोजले तर ३३ मिनिटे आले. प्रदक्षिणा ९५ मिनिटांची होती, त्यामुळे चूक कक्षेतून येत असती तर ती ९५ मिनिटांनी किंवा त्याच्या निम्म्याने पुन्हा दिसली असती. ३३ मिनिटांचे आमच्या आकाशात काहीच नव्हते. दाताची उंची मात्र परिचयाची वाटली. ती साडेसात मीटरच्या किंचित वर होती, आणि सेकंदाला ७.६ किलोमीटर वेगाने जाणारा उपग्रह एका मिलिसेकंदात नेमका तेवढाच पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसरा रिसीव्हर पहिल्याच्या जागी लावला आणि पहिला तिसऱ्याच्या जागी. चूक रिसीव्हरबरोबर गेली नाही, ती जागेवरच राहिली. ज्याला आम्ही निर्दोष मानत होतो तो रिसीव्हर तिसऱ्या जागी येताच तेच दात पाडू लागला, फक्त ते आता ३३ ऐवजी २१ मिनिटांनी पडत होते. मग मी तिन्ही जागांमागच्या केबली एकेक करून हाताने चाचपत गेले. पहिल्या दोन रिसीव्हरना मागच्या बाजूने एकेक पातळ केबल जोडलेली होती आणि ती सिम्युलेटरच्या दहा मेगाहर्ट्झच्या संदर्भ आउटपुटमधून येत होती. तिसऱ्याला ती नव्हती, कारण ते आउटपुट दोन भागांतच विभागलेले होते. ती केबल मीच लावली होती. अगदी सुरुवातीला संकेत नीट पोहोचतो की नाही हे पाहताना रिसीव्हरने तो चटकन पकडावा म्हणून सिम्युलेटरचेच घड्याळ त्यांना दिले होते, आणि नंतर ते काढायचे राहून गेले.

उरलेला उलगडा त्या सकाळीच झाला. रिसीव्हरच्या आत एक लहान क्रिस्टल असतो आणि त्याचे घड्याळ कधीच अचूक चालत नाही. आमच्या तिसऱ्या रिसीव्हरचे घड्याळ दर सेकंदाला सुमारे अर्धा मायक्रोसेकंद सरकत होते, म्हणजे २,००० सेकंदांत, साधारण ३३ मिनिटांत, एक मिलिसेकंद. तेवढा फरक पडला की रिसीव्हर आपले घड्याळ एकदम एका मिलिसेकंदाने सरकवून पुन्हा ताळ्यावर आणतो. तिसऱ्या जागी लावलेल्या पहिल्या रिसीव्हरचा क्रिस्टल वेगळा, म्हणून त्याचे दात २१ मिनिटांचे. अवकाशात हे असेच घडणार होते, आणि सॉफ्टवेअरने दोन रिसीव्हरची मोजमापे वजा करण्यापूर्वी ती एकाच क्षणाला आणून ठेवणे आवश्यक होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पायरी नव्हती. दोघांनी ‘त्याच सेकंदाला’ मोजले असे ते समजत होते. मिलिमीटरची अचूकता हवी असेल तर मोजमापांच्या क्षणांतला फरक एका मायक्रोसेकंदाच्याही आतपर्यंत ठाऊक असावा लागतो, कारण एका मायक्रोसेकंदात उपग्रह साडेसात मिलिमीटर जातो. केबलने दोन घड्याळे एकच करून टाकली होती, आणि त्यामुळे ही उणीव झाकली गेली होती.

मग मला जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न पडला. आधीच्या शेकडो रनमध्ये हे का दिसले नाही? तिथे तर केबल नव्हती. उत्तर माझ्या कोडमध्ये एका ओळीत होते. मोजमापे तयार करणारा लूप दर पूर्ण सेकंदाला फिरत होता आणि त्याच फेरीत सर्व उपग्रहांची मोजमापे बनवत होता. घड्याळातील चूक मी मोजलेल्या अंतरात मिळवली होती, पण मोजण्याचा क्षण मात्र सर्वांना एकच दिला होता. यादीतून सुटलेली ओळ हीच. गुरुत्वाकर्षणाची फाईल, फिरून आलेले अंदाज, हा लूप आणि ती केबल, अशा चार ठिकाणी मी उपग्रहांना किंवा त्यांच्या परीक्षकाला काहीतरी एकत्र वापरायला दिले होते, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक दोष सुरक्षित लपून बसला होता. समूहाच्या चाचणीत हा धोका विशेष आहे, कारण वजाबाकीने काम करणाऱ्या पद्धतीत जे जे दोघांना समान असते ते ते आपोआप नाहीसे होते, मग ते समानपण खरे असो वा चाचणीने चुकून दिलेले असो.

दुरुस्तीला जेमतेम दोन दिवस लागले, पण त्यानंतरची पुनर्चाचणी दोन महिने चालली. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक रिसीव्हरला स्वतःचा लूप, स्वतःचे घड्याळ आणि स्वतःचा वाहता वेग दिला. रेडिओवरून येणारे संदेश कधी उशिरा येतील, कधी उलट्या क्रमाने येतील, कधी येणारच नाहीत, याचीही सोय केली. तीन उपग्रहांचा एक फायदाही आम्ही करून घेतला: पहिल्याकडून दुसरा आणि दुसऱ्याकडून तिसरा हे सदिश मिळवले, तर पहिल्याकडून तिसरा हा सदिश यायला हवा. तीन जोड्यांचे हिशेब स्वतंत्रपणे केले की हा त्रिकोण मिटतो की नाही हे उपग्रहाला स्वतःच तपासता येते, आणि एखाद्या जोडीत पूर्णांक चुकला असेल तर त्रिकोण एकोणीस सेंटिमीटरच्या हिशेबात उघडा राहतो. ही तपासणी अखेरीस उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमध्येच गेली. चाचणीच्या कामातून जन्मलेली ती माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे.

जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांची जोडणी पुढे ढकलली आणि जोडणी मध्येच सोडून द्यावी लागेल अशी एक शक्यता लक्षात आल्यामुळे जमिनीवरील सिम्युलेशनद्वारे आणखी पडताळणी करायची आहे, असे कारण दिले. ती बातमी वाचताना त्या खोलीत काय चालले असेल हे मला स्पष्ट दिसत होते. उपग्रह कक्षेत आहेत, तारीख सर्वांना सांगून झालेली आहे, आणि तरी पुन्हा टेबलावर जाऊन रन घ्यायचे ठरवणे याला धैर्य लागते. १६ जानेवारीला जोडणी यशस्वी झाली तेव्हा मला आमच्याच कामाचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला.

आमचा शेवटचा रन तीन दिवसांचा होता. दुसऱ्या रात्री ठरल्याप्रमाणे तिसऱ्या रिसीव्हरची वीज वीस मिनिटे बंद केली आणि पुन्हा चालू केली. त्याने संकेत पकडले, घड्याळ लावले, आणि सुमारे अर्ध्या तासाने तीनही जोड्यांचे पूर्णांक पुन्हा जुळून त्रिकोण मिटला. अहवालात लिहिलेली अंतिम चूक केबल असतानाच्या चुकीच्या जवळपास तिप्पट होती. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत आणि जुन्या आकड्यासमोर ‘घड्याळे जोडलेली असताना’ असे स्पष्ट लिहावे, असा आग्रह मी धरला व तो मान्य झाला. ती केबल आता खुणेची चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात ठेवली आहे. सध्या मी तिन्ही रिसीव्हरखाली बसवायच्या तापपट्ट्यांवर काम करते आहे, कारण कक्षेत प्रत्येक प्रदक्षिणेत अर्ध्या तासाहून अधिक काळ सावलीत जातो, तेव्हा क्रिस्टल थंड होतो आणि त्याचा वेग बदलतो, आणि आमच्या खोलीत मात्र आजवर तिन्ही रिसीव्हर एकाच तापमानात बसलेले आहेत.